सत्तावीसवरचा काटा

पंपाची घरघर चालू होती आणि निळ्या गेजचा काटा 27 वर येऊन थांबला होता. चेन्नईत काम शिकून आलेला पोरगा म्हणाला, पंप दमलाय, काटा 29 च्या पुढे जायला हवा. उस्तादांनी मान वर न करता सांगितलं, "नक्को रे, पंप बराबर है. इधर सत्ताईसिच आता. हम लोगाँ ऊपर हैं ना."

बंगळुरूच्या जे. सी. रोडमागच्या एका गल्लीत गाडी सोडून मी लगेच परतणार होते. हे वाक्य ऐकलं आणि स्टूल ओढून बसले.

गाडी बाबांची, 1983 ची प्रीमियर पद्मिनी. आमच्या घरात तिला अजून फियाटच म्हणतात. पत्रा उघडा करून, इंजिन बांधून, रंग देऊन ती पुन्हा उभी केली. एसी तेवढा राहिला होता. बंगळुरूत एसी कशाला, असं पूर्वी कुणीही विचारलं असतं. पण 2016 च्या एप्रिलमध्ये या शहराचा पारा 39.2 अंशांवर गेला, आणि सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेल्या गाडीत एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला ऊन झेपत नाही. आधी एका ठिकाणी एसी बसवून घेतला होता. तीन महिन्यांत तो बसला. "गॅस कमी झालाय" म्हणून दोनदा गॅस भरून पैसे घेतले गेले. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो इतक्या लवकर कमी झाला तर कुठून तरी निसटतो आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच आहे. इथे डोक्यावरच्या हवेचं ओझं कमी. पंपाने पाइपांतली हवा कितीही ओढली, तरी काटा बाहेरच्या हवेच्या तुलनेतच मोजतो. म्हणून चेन्नई-मुंबईत जो तिसाच्या जवळ जातो, तो इथे 27 च्या आसपास संपतो. हे उस्तादांना कुठल्या वर्गात शिकवलेलं नाही. याच गल्लीत रोज काटा बघून त्यांना ते ठाऊक झालं आहे. त्यांच्या "सत्ताईसिच"मधला 'च' आपल्या मराठीतून दखनीत गेलेला. त्यावर त्यांनी दिलेला जोर ऐकला की पुढे विचारायला काही उरत नाही.

जोडकाम दोन दिवस चाललं. जाड पट्टीचं ब्रॅकेट कापून इंजिनावर कॉम्प्रेसर बसला. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे आला. कूलिंग कॉइल आणि ब्लोअरची पेटी डॅशबोर्डखाली मधोमध टांगली. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असल्याने ती जागा रिकामीच होती. डायनामो काढून अल्टरनेटर लावला, नाहीतर ब्लोअर आणि विजेचा पंखा मिळून रात्री दिवे मंद करतात. सर्वांत शेवटी ड्रायर, आणि त्याची बुचं अगदी आयत्या वेळी काढली. ड्रायरच्या पोटात ओल शोषणारी खडी असते. बाहेर उघडा राहिला तर तो गल्लीतलीच ओल पिऊन बसतो.

खरी अडचण उष्णतेची. एसी थंडावा तयार करत नाही. गाडीच्या आतली उष्णता उचलून पुढे जाळीत नेऊन टाकतो. ती तापलेली हवाच मग रेडिएटरवर येते. हे इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास, त्यातले तीन-चार घोडे कॉम्प्रेसर मागतो. भरीला या उंचीवर उघडं पाणी 97 अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण आत दाब धरतं म्हणून निभावतं. आधीच्या जोडणीत हा हिशेब कुणी केलाच नव्हता. सिग्नलला गाडी उभी राहिली की तापमानाचा काटा चढायचा आणि बाबा एसी बंद करून काच खाली घ्यायचे. उस्तादांनी रेडिएटरला तीन ओळींचा नवा कोर घातला, झाकणाचं रबर बदललं आणि पंख्याभोवती पत्र्याचं कडं बनवलं. कड्याशिवाय पंखा तीच गरम हवा घुसळत बसतो. कडं असलं की हवा पूर्ण जाळीतून ओढली जाते. डागकामाच्या फ्लक्सचा आंबूस, घसा धरणारा वास त्या दोन दिवसांत माझ्या ओढणीत मुरला.

मला राहून राहून आठवतो तो मात्र पंपाचा तास. या तासात बघण्यासारखं काही घडत नाही. पाइपांतून आधी हवा जाते, मग ओल. आतला दाब इतका उतरतो की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंपावाटे निघून जातं. ओल मागे राहिली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात तिचा बर्फ धरतो, नाहीतर गॅस आणि तेलात मिसळून तिचं आम्ल होतं आणि कॉम्प्रेसर आतून खाल्ला जातो. तासाभराने उस्तादांनी व्हॉल्व्ह बंद केला, पंप थांबवला आणि आणखी अर्धा तास नुसते काट्याकडे बघत बसले. 27. चहा आला. 27. पोरगा दोनदा गॅसच्या डब्याकडे बघून आला. 27. काटा परत शून्याकडे सरकू लागला असता, तर कुठे तरी सांधा पाझरतोय किंवा आत ओल आहे असं ठरून सगळं पुन्हा उघडावं लागलं असतं.

बिलावर या दीड तासाची ओळ नसते. गिऱ्हाईक विचारतं, गॅस किती घातला? घातला साधारण अर्धा किलो, आर-134ए. फियाट नवी होती तेव्हा गाड्यांत आर-12 असायचा; ओझोनचा थर वाचवायला 1987 च्या माँट्रियल करारानंतर तो हद्दपार झाला. नवा गॅस ओझोनला धक्का लावत नाही, पण एक किलो हवेत सुटला तर तो हजार किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. गळक्या जोडणीत दरवर्षी गॅस भरणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे आणि सगळ्यांचं आभाळ दोन्ही नासवणं. माझ्या लेखी चांगला कारागीर कोण, याचं उत्तर त्या अर्ध्या तासात आहे.

गाडी सुरू झाली. उस्तादांनी डाव्या तळव्यात बारीक पाइप धरला, उजव्यात जाड. बारीक कोमट, जाड गार. डोळे मिटून काही क्षण तसेच उभे राहिले, मग माझा हात त्यावर ठेवायला लावला. जाड पाइपला घाम फुटला होता.

थोड्या वेळाने गाडीखाली थेंब पडू लागले. बाबा लगबगीने वाकले. उभं आयुष्य फियाटखालचं पाणी म्हणजे रेडिएटर गळणं, हेच त्यांना माहीत. त्यांनी थेंब बोटावर घेतला. गार होता.

"अंदर का नहीं, बाबा," उस्ताद म्हणाले, "हवा का पानी है."

बाबा मागच्या सीटवर जाऊन बसले आणि काच वर करून घेतली. उस्तादांनी खिशातली वही काढली, गाडीचा नंबर लिहिला, शेजारी तारीख, आणि त्यापुढे 27.