मर्क्स सायकल कारखाना
शर्यतीच्या सायकली बनविणारी बेल्जियममधील एक प्रसिद्ध उत्पादनसंस्था. स्थापना १९८०, ब्रूसेल्सजवळील मेइस येथे. संस्थापक एडी मर्क्स (१७ जून १९४५– ) हे व्यावसायिक सायकलपटू होते. ‘तूर द फ्रान्स’ व ‘जीरो दितालिया’ या शर्यती त्यांनी प्रत्येकी पाच वेळा जिंकल्या आणि १९७२ मध्ये मेक्सिको सिटी येथे एका तासात ४९·४३१ किमी. अंतर तोडून विक्रम प्रस्थापित केला. १९७८ मध्ये ते निवृत्त झाले.

सप्टेंबर १९६९ मध्ये फ्रान्समधील ब्ल्वा येथील धावपट्टीवर मर्क्स यांना भीषण अपघात झाला. त्यांच्यापुढे मोटारसायकल चालविणारा गतिदर्शक त्यात मृत्यू पावला व मर्क्स यांच्या कटिभागास इजा झाली. पुढे पाठदुखीमुळे ते बैठकीची उंची वारंवार, क्वचित चालू शर्यतीतही, बदलीत. स्वाराचे शरीर व सांगाड्याची मापे यांच्या मेळाविषयीचा त्यांचा काटेकोरपणा या वेदनेतून अधिकच तीव्र झाला आणि तोच कारखान्याचे खरे भांडवल ठरला. अर्थात सायकल उत्तम चालविणे वेगळे व ती घडविणे वेगळे; पोलादी नळ्या जोडण्याच्या कामी इटालियन कारागीर ऊगो दे रोझा यांचे मार्गदर्शन लाभले. मर्क्स यांच्या शर्यतीच्या सायकली पूर्वी त्यांनीच बनविल्या होत्या. भारतात लुधियानाच्या हीरोसारखे उद्योग सुट्या भागांच्या व्यवसायातून उभे राहिले. येथे मूळ प्रेरणा शर्यतीची होती.

सेव्हन-इलेव्हन व मोटोरोला या अमेरिकन संघांनी या सायकली वापरल्या. पोलादानंतर ॲल्युमिनियम, टिटॅनियम व कार्बनतंतू यांचे सांगाडेही निघाले. २००८ मध्ये मर्क्स यांनी बहुतांश भाग विकले. २०१७ मध्ये ही नाममुद्रा रिडली सायकली बनविणाऱ्या बेल्जियन कंपनीकडे गेली.