लिथियमची गोळी आणि किडनीची राखण

आज बोलूया लिथियमच्या गोळीबद्दल.

मनाचा एक आजार असतो. त्यात माणूस कधी झोपेविना भिरभिरतो, पैसा उधळतो, तर कधी इतका खचतो की जगणंच नकोसं होतं. डॉक्टर याला बायपोलर म्हणतात. ही बाहेरची बाधा नव्हे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी दाखवून दिलं की लिथियम नावाच्या क्षाराने मनाची ही उसळी शांत होते. आजही हे औषध अनेकांचा संसार सावरून धरतं.

मग किडनीचा संबंध काय? लिथियम शरीरातून बाहेर पडतं ते मुख्यतः लघवीवाटे. म्हणजे सगळा भार किडनीवर. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं, की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्यासोबत लिथियमही. मग रक्तातलं औषध वाढतं.

वर्षानुवर्षं गोळी चालू असली तर काहींना दोन त्रास होतात. पहिला जाणवतो : सारखी तहान, सारखी लघवी, रात्री पुन्हा पुन्हा उठणं. साखर तपासली तर ठीक निघते, कारण इथे किडनीची पाणी राखायची ताकद कमी झालेली असते. लघवी जास्त होते म्हणून पाणी तोडू नका. डॉक्टरांना सांगा.

दुसरा त्रास गुपचूप येतो. १०-२० वर्षांत काहींची किडनी हळूहळू कमजोर होते. सुरुवातीला ना दुखतं, ना सूज येते. कळतं ते रक्ताच्या तपासणीतच. म्हणून डॉक्टर सांगतील तसं, साधारण ३ ते ६ महिन्यांनी, रक्तातलं लिथियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. लिथियमसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री ९ ला गोळी घेतली तर सकाळी ९ ला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती त्यानंतर.

घरी काय सांभाळायचं? उन्हात खुरपणीला जाताना पाण्याची बाटली सोबत हवीच. हरतालिकेसारखा निर्जळी उपास नको. मीठ एकदम तोडू नका. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका, त्यांनी लिथियम वाढतं. बीपीच्याही काही गोळ्यांनी वाढतं. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी आधी सांगा, "मला लिथियम चालू आहे."

उलट्या, जुलाब, हात जोरात थरथरणं, चालताना तोल जाणं, बोबडं बोलणं, गुंगी : यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठा.

पण मैत्रिणींनो, हे ऐकून घाबरून कुणी गोळी मनाने बंद करू नका. अचानक बंद केली तर आजार उसळून येतो, जिवावरही बेततं. किडनीवर ताण दिसला तर डोस कमी करायचा की औषध बदलायचं, हे डॉक्टर ठरवतील. वेळेत कळलं तर किडनीही सांभाळता येते आणि मनही.

मनात काही खुपत असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं.

आपल्या गटात कुणाच्या घरी ही गोळी चालू असेल, तर पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगा, आणि त्या दिवशी सोबत जा.