मूकपटांतला बलदंड नायक

१९१४ साली इटलीत ‘काबिरिया’ नावाचा मूकपट निघाला. त्यात मासिस्ते हा एक दांडगा गुलाम होता. ते काम करणारा बार्तोलोमेओ पागानो मुळात नट नव्हेच, जेनोव्हा बंदरातला गोदी कामगार. पण लोकांना नायकापेक्षा हाच भावला, आणि पुढच्याच वर्षी खास त्याच्यासाठी ‘मासिस्ते’ हा वेगळा चित्रपट काढावा लागला.

असे का व्हावे? मूकपटात बोलणे नसे, मजकुराच्या पाट्या येत. अक्षरओळख नसलेल्याला शेजारी वाचून दाखवील तेवढेच कळायचे. पण साखळदंड तोडणारा हात कोणी वाचून दाखवावा लागत नाही. शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे, कारण मारामारीचे चित्रपट म्हणून नाके मुरडणारी मंडळी हा भाग विसरतात.

आपल्याकडेही हेच घडले. पुदुकोट्टईचे नागलिंगम मुंबईच्या मूकपटांत ‘राजा सँडो’ झाले. हे नाव युजेन सँडो या विख्यात व्यायामपटूचे. आपल्या घरातले सँडो बनियनही त्याच्याच नावाचे!

मराठी मुलखाचा मासिस्ते म्हणजे मास्टर विठ्ठल. कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते होते. आम्हां माजिवडेकरांच्या शेजारचे जे कल्याण, तिथल्या खजिन्याची शिवकालीन कथा पेंटरांनी १९२४ साली ‘कल्याण खजिना’त आणली. गंमत पाहा, पुढे तलवारबहाद्दर म्हणून गाजलेले विठ्ठल त्यात नर्तकीच्या वेषात होते! १९२६ साली ‘रतन मंजरी’त ते नायक झाले. मग शारदा फिल्म कंपनीच्या एकामागून एक साहसपटांनी त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स हे नाव मिळवून दिले.

पुढे अर्देशिर इराणींनी त्यांना पहिल्या बोलपटात घेतले. शारदाने करारभंगाचा दावा लावला. विठ्ठल यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर जिना, आणि दावा जिंकला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. पण इथेच घोडे अडले. विठ्ठल यांच्या जिभेला उर्दू वळेना. म्हणून नायकाला बराच वेळ गुंगीत दाखवले, असे सांगतात. ज्याने न बोलता हजारोंना खिळवले, त्याला बोलपटाने असे निजवून ठेवले.

विठ्ठल पुढे मराठी चित्रपटांत काम करीत राहिले. १९६९ साली ते गेले. ‘आलम आरा’ची एकही प्रत उरलेली नाही, काही छायाचित्रे तेवढी आहेत.