दुसऱ्या गटाचा हंगाम : काशियस दो सुल ते कोल्हापूर

दक्षिण अमेरिकेतील फुटबॉलचा विषय निघाला की मराठी वाचकाला पेले, माराडोना, मेस्सी ही नावे आणि विश्वचषकाच्या दिवसांत कोल्हापूरच्या पेठापेठांत फडकणारे ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे आठवतात. मात्र त्या खंडातील फुटबॉल ज्या शेकडो गावांमध्ये वर्षभर खेळला जातो, त्यांतील बहुतेक गावांचे संघ पहिल्या श्रेणीत नसतातच. ते दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीत खेळतात, काही वर्षे वर चढतात, पुन्हा घसरतात, आणि त्यांच्या या चढउतारात त्या गावांचे सगळे क्रीडाजीवन गुंतलेले असते. शिरोली एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्या आणि संध्याकाळी पंचगंगेचा पूल ओलांडून राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना पाहायला जाणाऱ्या प्रेक्षकाला हे जग वाटते तितके परके नाही, कारण कोल्हापूरच्या फुटबॉललाही वरचा गट आहे, खालचा गट आहे आणि त्या दोहोंमधील जिनाही आहे.

हा जिना समजून घेण्यासाठी साखळी स्पर्धा आणि बाद पद्धतीची स्पर्धा यांतील भेद आधी लक्षात घ्यावा लागतो. बाद पद्धतीत हरलेला संघ त्याच दिवशी स्पर्धेबाहेर जातो, त्यामुळे प्रत्येक सामन्याला निकालाची धार असते, पण संघाचे वर्षभराचे मूल्यमापन तिच्यातून होत नाही. साखळीत प्रत्येक संघ गटातील इतर सर्व संघांशी खेळतो, विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण मिळतो, आणि हंगामाच्या अखेरीस गुणतक्त्यावरील स्थानानुसार वरचे काही संघ वरच्या श्रेणीत जातात, तर तळाचे खालच्या श्रेणीत उतरतात. पहिल्या प्रक्रियेला बढती आणि दुसरीला अवनती म्हणता येईल. अवनतीच्या भीतीमुळे तक्त्याच्या तळाशी असलेल्या दोन संघांमधील सामनाही विजेतेपदाच्या सामन्याइतकाच चुरशीचा होतो, आणि साखळीचे खरे वैशिष्ट्य हेच आहे.

ब्राझीलच्या राष्ट्रीय साखळीत चार श्रेणी असून दुसऱ्या श्रेणीला सेरी बी म्हणतात. २००६ पासून तिच्यात वीस संघ परस्परांशी स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर असे दोनदा खेळतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अडतीस सामने येतात. येथे ज्या २०२३ आणि २०२४ च्या हंगामांचा विचार केला आहे, त्यांत पहिले चार संघ वर जात आणि शेवटचे चार खाली येत. कागदावर ही रचना साधी दिसते, परंतु देशाचा विस्तार लक्षात घेतला की तिच्यातील कष्ट ध्यानात येतात, कारण दक्षिण टोकाच्या संघाला ईशान्येकडील फोर्तालेझासारख्या शहरात एका सामन्यासाठी तीन हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून जावे लागते आणि काही दिवसांत परत येऊन पुन्हा मैदानावर उतरावे लागते.

या श्रेणीतील अनेक संघांपैकी काशियस दो सुल या शहराचा जुव्हेंतुद हा संघ शिरोलीच्या वाचकाला विशेष जवळचा वाटावा. ब्राझीलच्या दक्षिणेकडील रिओ ग्रांजी दो सुल राज्यातील हे शहर १८७५ च्या सुमारास आलेल्या इटालियन स्थलांतरितांनी वसवले. द्राक्षबागा आणि द्राक्षोत्सव ही त्याची जुनी ओळख असली तरी विसाव्या शतकात ते धातुकाम आणि यंत्रनिर्मितीचे मोठे केंद्र बनले. ट्रकचे ट्रेलर बनवणारी रांदोन आणि बसच्या बॉडी बांधणारी मार्कोपोलो या तेथील दोन नामांकित कंपन्या आहेत. शिरोलीच्या फाउंड्रींमध्ये ज्याप्रमाणे वाहनउद्योगाला लागणारे कास्टिंग ओतले जाते आणि वाहनांची मागणी घटली की भट्ट्यांना त्याची झळ लागते, त्याचप्रमाणे काशियसचे अर्थकारणही चाकांवर चालते. मार्कोपोलोने टाटा मोटर्सच्या भागीदारीत बस बांधण्याचा कारखाना काढला तो धारवाडला, म्हणजे शिरोलीवरून जाणाऱ्या पुणे-बंगळूर महामार्गावरच. त्यामुळे काशियसचे नाव न ऐकलेल्या अनेक कोल्हापूरकरांनी तेथे जन्मलेल्या कंपनीचे नाव मिरवणाऱ्या बसमधून प्रवास मात्र केला असण्याची शक्यता आहे. लोकसंख्येचे मानही फारसे वेगळे नाही: काशियसची वस्ती साडेचार लाखांच्या थोडी वर, तर २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची साडेपाच लाखांच्या आसपास.

जुव्हेंतुदची स्थापना १९१३ मध्ये झाली. हिरवा-पांढरा पोशाख, अल्फ्रेदो जाकोनी हे मैदान आणि त्याच शहरातील काशियस नावाच्या संघाशी जुने वैर, ही या संघाची ठळक लक्षणे होत. दुग्धपदार्थांच्या पार्मालात या इटालियन कंपनीचे पाठबळ लाभल्यानंतर या संघाने १९९४ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून वर पाऊल टाकले आणि १९९९ मध्ये ब्राझील चषक ही बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. अंतिम फेरीचा दुसरा सामना रिओच्या माराकाना मैदानावर लाखाच्या आसपास प्रेक्षकांसमोर बोताफोगोविरुद्ध गोलशून्य बरोबरीत सुटला आणि पहिल्या सामन्यातील विजयाच्या जोरावर चषक काशियसला गेला. त्यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. २००७ मध्ये संघ पहिल्या श्रेणीतून घसरला, २००९ मध्ये दुसऱ्या आणि २०१० मध्ये तिसऱ्या श्रेणीतूनही, आणि अशा रीतीने राष्ट्रीय चषकविजेता संघ अकरा वर्षांत चौथ्या श्रेणीत जाऊन पोहोचला. २०१३ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत परतला, २०१६ मध्ये दुसऱ्या, २०१८ मध्ये पुन्हा तिसऱ्या, २०१९ मध्ये पुन्हा दुसऱ्या आणि २०२० च्या हंगामाअखेर तेरा वर्षांनी पहिल्या श्रेणीत आला. तेथे दोन हंगाम टिकून २०२२ मध्ये परत खाली उतरला. एवढ्या पडझडीत संघ बुडाला नाही, याचे कारण प्रत्येक पायरीवर त्याच्यासाठी खेळण्याजोगी स्पर्धा होती आणि वरचे दार गुणांच्या किल्लीने उघडत होते.

२०२३ चा सेरी बी हंगाम या दाराची किंमत नेमकी दाखवतो. जुव्हेंतुदची सुरुवात इतकी वाईट झाली की बढतीऐवजी आणखी एका अवनतीची चिन्हे दिसू लागली. प्रशिक्षक बदलण्यात आला आणि थियागो कार्पिनी या तरुण प्रशिक्षकाकडे सूत्रे आली. त्याच्या हाताखाली संघ तक्त्यावर हळूहळू वर सरकत गेला आणि हंगामाअखेर ६५ गुणांसह दुसरा आला. पहिल्या क्रमांकाच्या व्हितोरियाचे ७२ गुण होते, तिसऱ्या क्रिसियुमाचे आणि चौथ्या अत्लेतिको गोयानिएन्सेचे प्रत्येकी ६४. पाचव्या स्थानाला ६३ गुण पुरले नाहीत. अडतीस सामन्यांनंतर वर जाणारा चौथा आणि तेथेच राहणारा पाचवा यांच्यात केवळ एका बरोबरीचे अंतर उरले, म्हणजे एप्रिल-मे महिन्यातल्या कोणत्या तरी विस्मृत सामन्यात शेवटच्या मिनिटाला खाल्लेला गोल नोव्हेंबरमध्ये वसूल झाला. साव पावलो राज्यातील एका लहान गावच्या नोव्होरिझोंतिनो या संघाच्या वाट्याला तर हे दुर्दैव लागोपाठ आले: २०२३ मध्ये ६३ गुणांवर बढती हुकली, आणि २०२४ मध्ये चौथ्या क्रमांकाच्या सेआराइतकेच ६४ गुण मिळवूनही, गुण समान असल्यास अधिक विजय मिळवणारा संघ वर धरला जातो या नियमामुळे, तो पाचवाच राहिला. त्याच राज्यातील मिरासोल हा साठ-पासष्ट हजार वस्तीच्या गावाचा संघ मात्र २०२४ मध्ये दुसरा येऊन प्रथमच पहिल्या श्रेणीत गेला आणि पुढच्याच वर्षी तेथे चौथा आला. २०२४ चा सेरी बी विजेता होता सांतोस, पेलेंचा सांतोस, जो आदल्या वर्षी इतिहासात प्रथमच खाली घसरला होता. एकाच तक्त्यावर पेलेंचा संघ आणि मिरासोल शेजारी-शेजारी उभे राहतात, हे दुसऱ्या श्रेणीखेरीज अन्यत्र क्वचितच पाहायला मिळते. जुव्हेंतुदची कथा मात्र येथे संपत नाही. २०२५ मध्ये तो परत खाली आला.

अर्जेंटिनात हीच व्यवस्था अधिक वाकडी आहे. तेथे १९८३ पासून अवनती ठरवताना एका हंगामाचे गुण न पाहता मागील तीन हंगामांची सरासरी धरण्याची पद्धत आली, आणि एखादे वाईट वर्ष मोठ्या संघांना पचवता यावे हाच तिचा हेतू असल्याचे टीकाकार सांगत आले. तरीही २६ जून २०११ रोजी रिव्हर प्लेट हा देशातील सर्वाधिक विजेतेपदांचा संघ कोर्दोबाच्या बेल्ग्रानोकडून दोन सामन्यांच्या निर्णायक लढतीत हरून दुसऱ्या श्रेणीत गेला, आणि ब्वेनोस आयरेसमध्ये दंगल उसळली. पुढच्या वर्षी रिव्हरने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून दार पुन्हा उघडले. अलीकडे मात्र अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेने २०२४ चा हंगाम सुरू असतानाच अवनती रद्द केली, तर त्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीतील अडतीस संघांमधून फक्त दोघांना वर जाण्याची मुभा होती. नियम मध्येच बदलले की तक्त्यावरचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडालेली साखळी कोणी पाहात नाही. या बाबतीत ब्राझीलचे उदाहरण निर्विवादपणे सरस ठरते.

भारतात दुसऱ्या श्रेणीची दुर्दशा कशी होते याचा दाखला शेजारच्या गोव्यात आहे. पाच वेळा राष्ट्रीय साखळी जिंकणारा पणजीचा डेम्पो स्पोर्ट्स क्लब २०१४-१५ च्या हंगामात आय-लीग या राष्ट्रीय साखळीतून खाली घसरला, लगेच दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकून परतण्यास पात्र ठरला आणि तरीही वर खेळला नाही; कारण तोवर भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन सुपर लीग या ठरावीक मालकांच्या, बढती-अवनती नसलेल्या स्पर्धेला सर्वोच्च स्थान देण्याचा आराखडा पुढे केला होता, आणि त्याच्या निषेधार्थ साळगावकर, स्पोर्टिंग क्लब दी गोवा व डेम्पो या तिन्ही गोमंतकीय संघांनी २०१६ मध्ये अंग काढून घेतले. जिन्याच्या शेवटी भिंत असेल तर जिना चढायचा कशाला, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. २०२२-२३ च्या हंगामापासून आय-लीगच्या विजेत्याला वर जाण्याची वाट मोकळी झाली आणि पंजाबच्या संघापाठोपाठ कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग त्या वाटेने गेला. डेम्पोही २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. महाराष्ट्राच्या बाजूने मुंबईचा केंकरे एफसी याच स्पर्धेत खेळून २०२२-२३ मध्ये खाली उतरला.

कोल्हापूरचा जिना या राष्ट्रीय शिडीच्या पुष्कळ खाली असला तरी त्याची बांधणी पक्की आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली केएसए, वरिष्ठ गटाची साखळी घेते. तिच्यात सोळा संघ असून त्यांची सुपर सीनियर आणि सीनियर अशी आठ-आठांच्या दोन गटांत विभागणी होते, आणि त्याखाली नवोदित संघांचे आणखी गट असतात. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, उत्तरेश्वरची वाघाची तालीम, संध्यामठ, ऋणमुक्तेश्वर, वेताळमाळ, झुंजार, सम्राटनगर ही नावे वाचली तरी शहराचा नकाशा उभा राहतो. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल संघ बाळगावेत ही गोष्ट अन्यत्र सहसा आढळत नाही. येथे मात्र पेठेची अस्मिता लाल मातीतून हिरवळीवर अलगद आली. सतरा वर्षांखालील विश्वचषकात २०१७ मध्ये भारतीय संघातून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला.

आठ संघांच्या गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे म्हटले तर वाट्याला सातच सामने येतात. सेरी बीमध्ये सुरुवात बिघडूनही जुव्हेंतुदला सावरायला तीसेक सामने मिळाले. कोल्हापूरच्या सीनियर गटातील संघाने पहिले दोन सामने गमावले की बढतीची गणिते बहुधा आटोपतात, आणि वरच्या गटाच्या तळाला असलेल्या पेठेची झोप दोन-तीन सामन्यांतच उडते. छोट्या साखळीत उत्कंठा वाढते हे खरे, पण खेळाडू घडत नाही, कारण कोवळ्या खेळाडूला चुकायला आणि शिकायला सामने लागतात. ही उणीव हंगामातील बाद पद्धतीचे चषक भरून काढतात असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. लाखांची बक्षिसे आणि भरगच्च गॅलरी या चषकांना लाभते, परंतु पहिल्याच फेरीत हरणाऱ्या खालच्या गटातील संघाच्या हाती एक सामना आणि परतीचा रस्ता एवढेच येते. बाहेरून, प्रसंगी परदेशातून, आणलेल्या खेळाडूंवरील खर्च वरच्या गटातील मातब्बर तालमींना झेपतो. खालच्यांना बूट, सरावाचे मैदान आणि फिजिओ यांचीच चणचण असते. प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबण्याचे प्रकार घडतात तेव्हाही आधीच आखूड असलेला हंगाम आणखी आखडतो, आणि पावसाळा तर कोणासाठी थांबत नाही.

काशियसच्या उदाहरणातून पैशाविषयीही एक गोष्ट दिसते. पार्मालातचा पैसा होता तोवर जुव्हेंतुदने चषक जिंकले आणि तो आटल्यावर काही वर्षांत संघ तळाला गेला. पण त्याला पुन्हा वर आणणारी शक्ती एखाद्या धनाढ्य आश्रयदात्याची नव्हती, ती नियमित चालणाऱ्या चार श्रेणींच्या साखळीची होती. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील उद्योजक कोल्हापूरच्या फुटबॉलला मदत करू इच्छीत असतील, तर त्यांनी बक्षिसाच्या रकमेत आणखी एका शून्याची भर घालण्यापेक्षा सीनियर गटातील एकेका संघाचा पूर्ण हंगामाचा खर्च उचलावा, केएसएने त्या गटातील सामने वाढवावेत, आणि प्रेक्षकांनी पाटाकडील-दिलबहारच्या गर्दीत जागा धरण्याबरोबरच खालच्या गटाच्या एखाद्या दुपारच्या सामन्यालाही शाहू स्टेडियमच्या गॅलरीत येऊन बसावे.