होडीच्या तळाला रंग मारला, तरी बुळबुळ येतेच कशी?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांचे तळ खरवडून रंग मारायचं काम सध्या सुरू आहे. हा रंग स्वस्त नसतो. तरी होडी पाण्यात गेल्यावर थोड्याच दिवसांत तळाला हात लावला तर बुळबुळ लागते. मग 'रंग डुप्लिकेट निघाला' अशी ओरड होते. पण दरवेळी दोष रंगाचाच असतो असं नाही.

होडी पाण्यात उतरली की काही मिनिटांतच समुद्रातल्या जैविक पदार्थांचा, डोळ्याला न दिसणारा थर रंगावर बसतो. काही तासांत त्यावर जीवाणू चिकटतात. ते स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडतात आणि त्याच्या आड वाढतात. मागोमाग सूक्ष्म शेवाळ येतं. हीच ती बुळबुळ.

रंगात तांबं असतं. ते हळूहळू पाण्यात झिरपतं आणि कवचवाल्या जीवांची पिल्लं तळाला बसू देत नाही. आपण सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतो, त्यातल्या मोरचुदातही तांबंच असतं. पण काही जीवाणू आणि शेवाळं तांबं सहन करतात. शिवाय चिकट थर तांबं अडवून धरतो, म्हणून आतल्यांना ते कमी लागतं. रंगातलं तांबं संपत आलं की कवचवाले येऊन बसतात. होडी जड चालते, डिझेल जास्त जातं.

मग आणखी जहाल रंग का नको? तो प्रयोग होऊन गेलाय. कथिलापासून बनवलेलं टीबीटी नावाचं विष रंगात घालत. फ्रान्समधल्या आर्काशाँ खाडीत त्याने कालवांची शेती धोक्यात आली. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ पासून जहाजांवर असे रंग बंद झाले.

म्हणून दोन गोष्टी पाळा. बुळबुळ मऊ असतानाच हलक्या हाताने पुसा. तारेचा ब्रश मारला तर रंगच निघतो. आणि तळ खरवडताना खाली ताडपत्री अंथरा, नाका-तोंडाला फडकं बांधा. निघालेला जुना रंग खाडीत लोटू नका. त्यात तांबं शिल्लक असतं, आणि त्याच खाडीतली कालवं आपल्या घरात शिजतात.