डोळ्यांत थेंब घालण्यापूर्वी

आमच्या साक्षरता वर्गात एक बाई येत. वय पन्नाशीच्या पुढचे. दिवसभर कापूस वेचायचा आणि रात्री पुस्तक घेऊन बसायचे. एके रात्री त्यांनी पुस्तक मिटले.

"गुरुजी, अक्षरं नाचायलीत. डोळे चुरचुरायलेत. थेंब घालते, मग वाचते."

त्यांनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली. मालकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळची होती ती. ऑपरेशनला वर्ष होऊन गेले होते!

मी म्हणालो, "थांबा ताई. आधी आपण या बाटलीविषयी बोलू."

मंडळी, तेच मी तुम्हालाही सांगतो.

डोळा का चुरचुरतो?

पापणी लवते तेव्हा डोळ्यावर पाण्याचा पातळ थर पसरतो. त्याने डोळा ओला राहतो. ऊन, वारा, मळणीचा धुरळा, चुलीचा धूर यांनी तो थर वाळतो. वाचताना किंवा मोबाईल बघताना पापणी कमी लवते. मग डोळा जळजळतो. अशा वेळी डोळे चोळू नका. तोंड धुवा. थोडा वेळ डोळे मिटून बसा. वाचताना अधूनमधून लांबच्या झाडाकडे बघा. पुष्कळदा एवढ्याने बरे वाटते.

दुसरी गोष्ट. चाळिशी उलटली की जवळचे अंधुक दिसते. पुस्तक लांब धरावे लागते. याला चुरचुरीचे थेंब चालत नाहीत, चष्मा लागतो. म्हणून तर त्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो!

सगळे थेंब सारखे नसतात

काही थेंब फक्त डोळा ओला ठेवतात. काही जंतू मारतात. काहींत स्टेरॉइड नावाचे औषध असते. ऑपरेशननंतर डॉक्टर ते काही दिवस देतात. त्याने लाली आणि आग लवकर कमी होते. म्हणून माणसाला वाटते, औषध फार चांगले! पण ते मनाने घालत राहिले, तर डोळ्याच्या आतला दाब वाढू शकतो. त्यातून काचबिंदू होतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. उसाचे पान किंवा काडी डोळ्यात लागून जखम झाली असेल आणि त्यावर हे थेंब घातले, तर जखम चिघळते. म्हणून एकाचे थेंब दुसऱ्याने घालू नयेत. दुकानातून मनाने आणू नयेत.

बाटलीत जंतूही वाढतात. 2023 साली अमेरिकेत असे झाले. आपल्याच देशात तयार झालेल्या थेंबांत जंतू सापडले. त्या जंतूंची 81 जणांना बाधा झाली. 14 जणांची नजर गेली. 4 जण दगावले. नव्या बाटलीने असे होऊ शकते, तर वर्षभर उघड्या राहिलेल्या बाटलीचा काय भरवसा?

त्याच वर्षी पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली होती. घरोघरी डोळे आले होते. ही साथ हातांनी आणि टॉवेलने पसरते. एकच बाटली घरभर फिरली, तर तिच्यानेही पसरते.

थेंब कसे घालावेत?

1. हात साबणाने धुवा.
2. बाटलीवरची तारीख वाचा. मुदत इंग्रजी आकड्यांत असते. नोटेवर असतात तेच आकडे. दुकानदाराला म्हणा, "मुदत कुठं लिहिली, बोट ठेवून दाखवा."
3. मान मागे करून वर बघा. खालची पापणी बोटाने हलकेच ओढा. तिथे खोबण होते. तीत एक थेंब टाका. डोळ्यात एका थेंबाहून जास्त मावत नाही.
4. बाटलीचे टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला लागू देऊ नका.
5. डोळा मिटा. नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे हलकेच दाबून धरा. तिथून नाकात बारीक वाट आहे. रडताना नाक वाहते ते याचमुळे. वाट दाबली की औषध डोळ्यातच राहते.
6. दुसरे औषध असेल तर पाच मिनिटांनी घाला.
7. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. महिन्याने ती टाकून द्या. डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तसे करा.

मध, तूप, एरंडेल, दूध, रुईचा चीक डोळ्यात कधी घालू नका.

दवाखान्यात केव्हा जावे?

डोळा ठणकतो, नजर अंधुक होते, उजेड सोसत नाही, पू येतो किंवा डोळ्याला काही लागले, तर थेंब शोधत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोळ्यात चुना किंवा फवारणीचे औषध गेले, तर आधी स्वच्छ पाण्याची धार धरा. चांगली पंधरा-वीस मिनिटे धरा. मग निघा. छत्रपती संभाजीनगरला 1956 साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचे रुग्णालय म्हणजेच आपली घाटी. तिथे डोळ्यांचा विभाग आहे.

त्या रात्री बाईंनी बाटली दिव्याजवळ धरली. एकेक आकडा लावून मुदत वाचली.

"गुरुजी, ही तर कवाच संपली की!"

बाटली त्यांनी स्वतःच्या हाताने टाकून दिली. पुढच्या आठवड्यात त्या घाटीत जाऊन आल्या. डोळ्याला रोग नव्हता. आता त्यांच्या नाकावर चाळिशी आहे आणि अक्षरे जागच्या जागी उभी राहतात.