शिक्षा की शुश्रूषा?

गुन्हा सिद्ध होण्यास केवळ कृती पुरेशी नसते. त्या कृतीमागे दोषी मनही असावे लागते, हे फौजदारी न्यायाचे जुने तत्त्व आहे. मग ज्याचे मनच आजारी आहे, त्याचे काय करावे? निरनिराळ्या देशांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

१८४३ मध्ये लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खाजगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. त्यात ड्रमंड मरण पावले. सत्ताधारी पक्ष आपला छळ करीत आहे, या भ्रमाने मॅकनॉटनला पछाडले होते. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले आणि त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली. लोकक्षोभ उसळताच उमराव सभेने न्यायाधीशांकडून खुलासा मागविला. आपण काय करीत आहोत किंवा ते गैर आहे, हे आजारामुळे उमगत नसेल तरच आरोपी जबाबदारीतून मुक्त, हा नियम त्यातून स्थिरावला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ८४ याच विचाराचे. आज ते भारतीय न्याय संहितेत कलम २२ म्हणून कायम आहे.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१ मध्ये गोळीबार करणारा जॉन हिंकली पुढील वर्षी याच कारणास्तव निर्दोष ठरला. त्यावर जनमत इतके प्रक्षुब्ध झाले की १९८४ मध्ये संघराज्याचा कायदा कठोर करण्यात आला. कॅन्सससारख्या काही राज्यांनी तर हा पारंपरिक बचावच रद्द केला. स्वीडनमध्येही १९६५ पासून असा बचाव नाही. मात्र तेथे गंभीर मनोरुग्णाला तुरुंगाऐवजी उपचारांच्या स्वाधीन करता येते.

शिक्षेला मुदत असते. उपचाराच्या नावाखाली झालेल्या कोंडीला ती असेलच असे नाही. इटलीने हे ओळखले. तुरुंगवजा न्यायिक मनोरुग्णालये २०१५ पासून बंद करीत तेथे जास्तीत जास्त वीस खाटांची निवासी केंद्रे उभारण्यात आली. जन्मठेपेचे गुन्हे वगळता, त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहून अधिक काळ कोणासही डांबून ठेवता येणार नाही, असे कायद्यानेच ठरविले.

अशी मर्यादा नसली की काय घडते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. आसामच्या मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये गंभीर दुखापतीच्या आरोपावरून अटक झाली व तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडण्यात आले. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते बरे झाल्याचे कळविले; तरी सुटका न होता त्यांना तुरुंगात ठेवण्यात आले. खटला कधी चाललाच नाही. २००५ मध्ये, ५४ वर्षांनी, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर ते बाहेर आले.

यानंतर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्ण कैद्यांच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकली. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात, शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही फाशी टाळण्याचे कारण ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. पण लालुंग यांची अर्धशतकाची कोंडी कायद्यातील उणिवेमुळे झाली नव्हती. त्यांची चौकशी करणारे कोणी उरले नव्हते, म्हणून झाली. मनोरुग्णाची फाइल पुन्हा उघडून पाहणारा माणूस नसेल, तर उत्तम कायदाही कपाटातच राहतो.